काकेरोरी कोणी वाचवला?

एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतोय. पॉलिनेशियातल्या बेटांबद्दलच्या प्रत्येक अहवालात 'लोकांनी चालवलेलं संवर्धन' असं लिहिलेलं असतं. तिथले लोक ते खरंच चालवतात का, की काम शास्त्रज्ञ करतात आणि गावकरी फक्त फोटोत दिसतात? आणि तिकडे संशोधनाला जायचं असेल तर तयारी काय करावी?"

दोन्ही प्रकार आहेत, आणि अहवाल वाचून त्यांतला फरक कळत नाही. मी न्यूझीलंडमध्ये राहते. बेटांवरच्या उंदरांचा बंदोबस्त हे माझं काम आहे आणि त्यासाठी कुक बेटांवर बरीच वर्षं जाणं-येणं आहे. त्यामुळे सगळ्या पॉलिनेशियाबद्दल ढोबळ बोलण्यापेक्षा मी रारोटोंगावरच्या काकेरोरी या एका पक्ष्याची हकीकत सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

रारोटोंगा हे दक्षिण प्रशांत महासागरातल्या कुक बेटांमधलं मुख्य बेट, क्षेत्रफळ जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. किनाऱ्यालगतच्या रस्त्याने ३२ किलोमीटर गाडी चालवली की जिथून निघालात तिथेच परत येता. वस्ती सगळी किनाऱ्याला. आत उभे डोंगर, घट्ट झाडी आणि अरुंद खोरी. त्यांतल्या आग्नेयेकडच्या दोन-तीन खोऱ्यांत काकेरोरी राहतो. चिमणीपेक्षा थोडासा लहान, माशा-किडे पकडून खाणारा पक्षी. पहिल्या वर्षी नारिंगी असतो, मग हळूहळू रंग बदलत चौथ्या वर्षापर्यंत राखाडी होतो. रारोटोंगाखेरीज जगात तो कुठेच नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो बऱ्यापैकी दिसायचा. विसावं शतक उजाडलं तेव्हा तो संपला असंच मानलं जात होतं. १९७०च्या दशकात पुन्हा दिसला. १९८७ मध्ये ३८ पक्षी मोजले गेले आणि १९८९ मध्ये २९.

कारण होतं काळा उंदीर. हा मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला. युरोपीय जहाजांबरोबर जगभर गेला. पॉलिनेशियन लोकांनी आपल्या होड्यांतून आणलेला छोटा पॅसिफिक उंदीर त्याआधी शेकडो वर्षं बेटावर होताच, पण तो बहुतेक जमिनीवर वावरतो. काळा उंदीर झाडावर सरसर चढतो. काकेरोरीचं घरटं फांदीच्या दुबेळक्यात, शेवाळ लावून केलेलं, बरेचदा ओढ्यावर झुकलेल्या झाडावर. अंडी एक किंवा दोन. उंदराने ती खाल्ली तर जोडी पुन्हा प्रयत्न करते, तेवढ्याने जात संपत नाही. खरा घात होतो तो रात्री अंड्यांवर बसलेली मादीच मारली जाते तेव्हा. काकेरोरी दीर्घायुषी आहे. वीस वर्षांच्या पुढे जगलेले पक्षी नोंदवलेले आहेत. वर्षाला एखाददुसरं पिल्लू मोठं झालं तरी त्याचा हिशेब जमतो, पण मोठे पक्षी टिकले पाहिजेत. ते टिकत नव्हते.

उपाय साधा निघाला. घरट्याच्या झाडांना पत्र्याचे पट्टे गुंडाळायचे, म्हणजे उंदराला वर चढताना पकड मिळत नाही. आणि विणीच्या काळात, साधारण सप्टेंबरपासून, सगळ्या खोऱ्यांत विषारी आमिष ठेवायचं. १९८९ पासून हे नेमाने सुरू झालं आणि आकडा लगेच वर चढू लागला.

हे 'नेमाने' म्हणजे काय ते अहवालात कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. डोंगराच्या सोंडेवरून, मग ओढ्यातून, मग पुन्हा दुसऱ्या सोंडेवर अशी पायवाट आखलेली असते. ठरावीक अंतरावर प्लास्टिकच्या नळीचा हातभर तुकडा जमिनीवर तारेने पक्का केलेला असतो आणि त्यात निळसर-हिरव्या आमिषाच्या वड्या. तुम्ही वाकता, आत हात घालता, वडी बाहेर काढता. दातांच्या जोडीचे शेजारी-शेजारी दोन खोबणीसारखे ओरखडे दिसले तर उंदीर. कडा नुसत्या खरवडलेल्या आणि चिकट असल्या तर गोगलगाय. बुरशी आली असेल तर वडी फेकून नवी ठेवायची. वहीत नळीचा क्रमांक आणि किती खाल्लं ते लिहायचं आणि पुढच्या नळीकडे चालू लागायचं. खाली निसरडी माती, वर पाऊस. हे पुढच्या आठवड्यात परत, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या जंगलात उंदीर आहेतच. तुम्ही थांबलात की ते आत येणार. हे काम कधी संपत नाही, आणि न संपणारं काम शास्त्रज्ञाच्या तीन वर्षांच्या अनुदानात बसत नाही. 'कोण चालवतं' या प्रश्नाला वजन येतं ते इथे.

पहिली काही वर्षं हे काम कुक बेटांच्या सरकारी संवर्धन विभागाने न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने चालवलं. जमिनीचे मालक परवानगी देत होते, भूमिका तेवढीच. आता तिथली जमिनीची पद्धत समजून घ्या. कुक बेटांत जमीन विकता येत नाही. ती घराण्याची असते आणि वारसांकडे जाते; फार तर ६० वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देता येते. जंगल ताब्यात घेऊन अभयारण्य जाहीर करायचं, हा आपल्याकडचा सरकारी रस्ता तिथे सहज चालत नाही. काकेरोरीची खोरी काइनुकू, कारिका आणि मानावारोआ या तीन घराण्यांची. १९९६ मध्ये या तिन्ही घराण्यांनी मिळून सुमारे १५५ हेक्टरचं ताकितुमू संवर्धन क्षेत्र केलं आणि काम आपल्याकडे घेतलं. घराण्यांचे प्रतिनिधी समितीवर बसतात. कुणाला आत सोडायचं, आमिष कुठे ठेवायचं, पर्यटकांकडून किती पैसे घ्यायचे हे ती समिती ठरवते. सुरुवातीचा पैसा प्रशांत महासागरातल्या देशांच्या प्रादेशिक पर्यावरण कार्यक्रमातून आला. तो आटल्यावर मार्गदर्शकासह जंगलफेरीचं उत्पन्न हा मुख्य आधार राहिला.

आणि मग, माझ्या मते या सगळ्या हकीकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली. पक्षी दोनशेच्या पुढे गेल्यावर २००१ मध्ये उद्दिष्टच बदललं गेलं. तोपर्यंत प्रश्न होता, जास्तीत जास्त पक्षी कसे होतील? आता प्रश्न झाला, कमीत कमी किती आमिष ठेवलं तर रारोटोंगावर २५० ते ३०० पक्षी टिकून राहतील? कुठलंही विद्यापीठ आपण होऊन हा दुसरा प्रश्न विचारत नाही. तो त्यांनाच सुचतो ज्यांना दर वर्षी माणसं उभी करायची आहेत, त्यांची मजुरी द्यायची आहे आणि आपल्याच डोंगरात विष टाकायचं आहे. शास्त्रज्ञांनी तो प्रश्न मनावर घेतला. आमिष कमी केलं, दर ऑगस्टमध्ये पायांत घातलेल्या रंगीत कड्यांवरून एकेक पक्षी ओळखून गणना केली, आकडा घसरतो का ते पाहिलं. पक्षी टिकले, पुढे तर ठरवलेल्या आकड्याच्याही वर गेले. मला विचाराल तर लोकांनी चालवलेलं संवर्धन ओळखायची खूण हीच: संशोधनाचा प्रश्न कोणाच्या गरजेतून आला? बैठकीला किती गावकरी होते यावरून काहीच कळत नाही.

विषाबद्दलही असंच. हे आमिष रक्त गोठू न देणारं असतं. खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि खाल्लेलं विष प्राण्याच्या यकृतात बराच काळ राहतं. डोंगरात डुकरं आहेत आणि लोक ती मारून खातात. त्यामुळे नळ्यांची रचना, त्या कुठे ठेवायच्या, कुठे ठेवायच्या नाहीत, हा तिथे जेवणाच्या ताटाशी जोडलेला विषय आहे. ज्याला त्या डोंगरातलं डुक्कर खायचं नाही त्याला हे कागदावर समजतं, पण त्याची काळजी वेगळी असते.

तुमच्या मनात येईल, उंदीर एकदाचे कायमचे संपवून का टाकत नाहीत? निर्मनुष्य बेटांवर ते करतात: हेलिकॉप्टरने सगळ्या बेटावर एकदम आमिष टाकतात. पण उष्ण कटिबंधात हे अवघड जातं. तिथे उंदरांची वीण वर्षभर चालते, झाडांवर खायला कायम असतं, आणि जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करतात. खेकड्यांना त्याने काही होत नाही. पॉलिनेशियाच्याच पूर्व टोकाला, पिटकेर्न समूहातल्या निर्मनुष्य हेंडरसन बेटावर २०११ मध्ये एवढा मोठा प्रयत्न झाला. मूठभर उंदीर वाचले आणि बेट पुन्हा भरलं. रारोटोंगावर तर घरं, गोठे, कुत्री, कोंबड्या आणि मालाची जहाजं येणारं बंदर आहे. तिथे सध्या तरी नळ्यांची वाट चालत राहणं हाच मार्ग आहे.

पण सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची नाहीत, हे समितीलाही पटलं होतं. २००१ ते २००३ मध्ये तीस तरुण काकेरोरी विमानाने कुक बेटांपैकीच आतिऊ बेटावर नेले. आतिऊवर काळा उंदीर नाही. हा निर्णय किती वेळेवर झाला ते २००५ मध्ये दिसलं: फेब्रुवारी-मार्चच्या पाच आठवड्यांत कुक बेटांवर पाच चक्रीवादळं आली. रारोटोंगावरचे पक्षी तरले, पण एकाच बेटावर सगळा जीव अडकलेला असता तर त्या महिन्यात कुणालाच झोप लागली नसती. आतिऊच्या लोकांनी दुसऱ्या घराण्यांचा, दुसऱ्या बेटाचा पक्षी सांभाळायला घेतला, यालाही मोल आहे. तिथे कुणाचा पक्षी, कुणाची जबाबदारी, हे बोलून ठरवावं लागतं.

आता आतिऊची गोष्ट आपल्याला जवळची आहे, कारण तिच्यात साळुंकी आहे. आपल्या अंगणात, विजेच्या तारेवर, म्हशीच्या पाठीवर बसणारी तीच साळुंकी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नारळावरच्या किडीचा बंदोबस्त म्हणून तिला कुक बेटांवर नेलं. किडीचं जे व्हायचं ते झालं; साळुंकी मात्र सगळीकडे पसरली. २००७ मध्ये आतिऊवर कुरा नावाचा लहान पोपट परत आणला गेला. लालभडक पिसांसाठी माणसांनी त्याला कुक बेटांतून पूर्वीच संपवलं होतं. तो उरला होता फ्रेंच पॉलिनेशियातल्या रिमातारा बेटावर, कारण तिथल्या राणीने १९०० च्या सुमारास त्याला मारायला बंदी घातली होती आणि लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली. शिवाय रिमातारावर काळा उंदीरही पोहोचला नव्हता. रिमाताराच्या लोकांनी आपले २७ पक्षी आतिऊला दिले. आतिऊवर साळुंक्या कुराच्या ढोलीत शिरू लागल्या, नुकत्या उडू लागलेल्या पिल्लांवर तुटून पडू लागल्या. तेव्हा २००९ पासून आतिऊच्या लोकांनी साळुंक्या हटवायचं काम हाती घेतलं: सापळे, विष, बंदुका, आणला त्या पक्ष्यामागे बक्षीस. त्याला वर्षं लागली. शेवटच्या थोड्या साळुंक्या फार हुशार होतात, माणूस ओळखू लागतात, आणि त्या टप्प्यात बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा कुठल्या झाडावर संध्याकाळी कोण बसतं हे माहीत असलेला गावातला माणूस जास्त उपयोगी पडतो. हे मी ठामपणे सांगते. शेवटचे दहा टक्के काम स्थानिक माहितीवरच होतं.

ताहितीवरही हीच गाठ. तिथला ताहिती मोनार्क काकेरोरीचाच जवळचा भाऊबंद. १९९८ मध्ये त्याचे बारा पक्षी उरले होते. उंदीर होतेच, शिवाय साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल घरट्यांवर हल्ले करत होते. तिथल्या पक्षीप्रेमींच्या 'मानू' या संस्थेने सापळे लावायला साध्या रहिवाशांना सोबत घेतलं; आज संख्या शंभरीच्या पुढे आहे. आपल्याकडे ज्यांचा आवाज ऐकून सकाळ होते ते पक्षी दुसऱ्याच्या बेटावर असा घात करतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. दोष पक्ष्याचा नाही, नेणाऱ्याचा आहे.

समुद्राबद्दल थोडक्यात. तिथे 'राउई' नावाची जुनी पद्धत आहे: गावप्रमुख ठरावीक भागात ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवतात. १९९८ मध्ये पारंपरिक प्रमुखांच्या 'कोउतू नुई' या मंडळाने रारोटोंगाच्या लगूनमध्ये, म्हणजे किनारा आणि प्रवाळभिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यात, ती पुन्हा सुरू केली. त्यामागे कायद्याचा दंड नव्हता, शब्दाचं वजन होतं. आइतुताकी बेटावर १९५७ मध्ये फिजीहून आणलेला ट्रोकस हा शंख याच पद्धतीने सांभाळला गेला. १९८१ पासून तो काढतात, तोही मोजून ठरवलेल्या प्रमाणात आणि थोडे दिवसच. हे चांगलं चालतं, कारण शंख कुठे आहे, कोण काढतो, सगळं नजरेसमोर असतं. पण रारोटोंगाच्याच मुरी लगूनमध्ये गेली काही वर्षं शेवाळ माजतं आहे. कारण पाण्यातून येणारी पोषकद्रव्यं: हॉटेलं आणि घरांच्या सेप्टिक टाक्या, डुकरांचे गोठे. मासे पकडायचे थांबवून हे थांबत नाही. तिथे गटारव्यवस्था लागते, पैसा लागतो, सरकार लागतं. लोक सगळं करू शकतात असं म्हणणारे मला पटत नाहीत. गावाच्या हातात जे आहे तेच गावाकडून मागावं.

हाताबाहेरचं आणखी मोठं उदाहरण म्हणजे मराए मोआना हे सागरी संरक्षित क्षेत्र. २०१७ च्या कायद्याने कुक बेटांचा सगळा, जवळजवळ २० लाख चौरस किलोमीटर सागरी प्रदेश एका व्यवस्थेखाली आला आणि प्रत्येक बेटाभोवती ५० सागरी मैल मोठ्या व्यापारी मासेमारीला बंद झाले. त्यामागे पारंपरिक प्रमुखांचा आणि बेटाबेटांवर जाऊन लोकांशी बोलणाऱ्यांचा मोठा वाटा होता. जॅकलिन एव्हान्स यांना त्यासाठी २०१९ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, समुद्रतळावरच्या खाणकामाला दहा वर्षांची स्थगिती द्यावी या मागणीला पाठिंबा दिल्यावर त्यांना मराए मोआना कार्यालयाचं पद गमवावं लागलं. २०२२ मध्ये तळावरचे धातूचे गोळे शोधण्याचे तीन परवाने दिले गेले. यावर बेटांवरच दोन मतं आहेत, आणि तो निर्णय त्यांचा आहे. पण लगूनपुरतं जे बळ प्रमुखांकडे आहे ते पाच किलोमीटर खोल तळाशी पोहोचत नाही, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावं.

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत आशा वाटते ती तिथल्याच लोकांनी उभ्या केलेल्या संशोधनाची. तेइना रोंगो हे रारोटोंगाचे प्रवाळतज्ज्ञ. परदेशात पीएच.डी. करून परत आले आणि २०१७ मध्ये 'कोरेरो ओ ते ओराउ' ही संस्था काढली. प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांची संख्या वाढली तेव्हा ते आणि स्थानिक स्वयंसेवक स्वतः पाण्यात उतरून ते काढत होते. शाळेच्या सुट्टीत मुलांना डोंगर, ओढा आणि लगून दाखवणारे वर्ग ते घेतात. तुमच्या प्रश्नातली शास्त्रज्ञ आणि गावकरी ही फाळणी अशा ठिकाणी उरत नाही.

आता तुमची तयारी. कुक बेटांवर परदेशी संशोधकाला पंतप्रधान कार्यालयातून संशोधन परवाना घ्यावा लागतो. अर्ज करण्याआधीच स्थानिक जोडीदार शोधा. 'ते इपुकारेआ सोसायटी' आणि 'नॅचरल हेरिटेज ट्रस्ट' ही सुरुवात करायला चांगली ठिकाणं. पहिल्या पत्रात तुमचा विषय सांगू नका. पुढच्या पाच वर्षांत त्यांना कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी कोणती माहिती कमी पडते ते विचारा. नमुने देशाबाहेर नेण्याचा बेत असेल तर तो आधीच लिहून द्या. माहिती परत देताना प्रबंध पाठवून मोकळं होऊ नका. तक्ता, नकाशा आणि एक पानी सारांश समितीच्या हातात द्या, बैठकीत उभं राहून समजावून सांगा. रविवारी कामाला निघू नका, तिथे रविवार देवळाचा असतो. बुटांना आणि सॅकला चिकटलेलं बी घासून काढल्याशिवाय एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाऊ नका.

आणि तिकिटाचे पैसे नसतील तरी थांबू नका. साळुंकी मूळ मुलुखात ढोलीसाठी कोणाशी भांडते, विणीच्या काळात किती अंतरावर जोड्या बसतात, संध्याकाळचा थवा जागा कधी बदलतो, सापळ्याला एकदा बिचकली की किती दिवस फिरकत नाही, यांवर कोल्हापुरात किंवा साताऱ्यात बसून चांगला एम.एस्सी.चा प्रबंध होईल, आणि साळुंकीशी झगडणाऱ्या बेटांना तो लागेल. तो हातात घेऊन पत्र लिहिलंत तर उत्तर लवकर येईल. काकेरोरीची गणना ऑगस्टमध्ये असते आणि आमिषाचं काम सप्टेंबरपासून, तेव्हा परवान्याचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करा.